वयाप्रमाणे आहे ना सगळं?

या वेळी पत्रं बरीच साठली होती म्हणून एका बैठकीत सगळी वाचून काढली, आणि गंमत बघा, लिहिणारे १३ महिन्यांच्या बाळाच्या आईपासून ७१ वर्षांच्या काकांपर्यंत, पण जवळजवळ प्रत्येकाने शेवटी एकच विचारलंय, "या वयात हे नॉर्मल आहे ना?" म्हणून आज सगळी वयाचीच पत्रं घेतली. एक आधीच सांगून ठेवते, मी नुसतं वय बघून उत्तर देत नाही. वय किती यापेक्षा मागच्या सहा महिन्यांत काय बदललं हे मला जास्त कामाचं वाटतं.

प्रश्न : ताई, माझी मुलगी १३ महिन्यांची झाली तरी चालत नाही. रांगलीसुद्धा नाही, बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत घरभर फिरते. नणंदेचा मुलगा १० व्या महिन्यात चालला हे मला रोज ऐकवलं जातं. वॉकर आणावा का?

उत्तर : वॉकर नको, ते आधी. त्याने चालणं लवकर येत नाही, तोल सांभाळायचं सगळं काम तो वॉकरच करतो आणि बाळ नुसतं चवड्यांनी ढकलत राहतं. शिवाय जिन्यावरून गडगडण्याचे अपघात इतके झाले की कॅनडाने २००४ मधे वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली.

आता चालण्याचं. जागतिक आरोग्य संघटनेने ५ देशांतल्या निरोगी बाळांवर महिनोन्‌महिने लक्ष ठेवून २००६ मधे आकडे जाहीर केले, त्यात आधाराशिवाय चालण्याचं वय सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेलं निघालं. म्हणजे नणंदेचा मुलगाही त्यात बसतो आणि तुमची लेकही बसते. आणि शंभरातली चारेक बाळं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, मधली पायरी गाळून थेट पुढे गेली, त्यांचं काही बिघडलं नाही.

मला यातला एक प्रयोग फार आवडतो. नवजात बाळाला काखेत धरून उभं केलं की ते पावलं टाकल्यासारखं करतं, पण दोनेक महिन्यांत ते बंद होतं. बरीच वर्षं सगळे म्हणायचे की मेंदू वाढतो आणि ती क्रिया दाबून टाकतो. एस्थर थेलेन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात अशाच बाळांचे पाय पाण्यात सोडून बघितले, तर पावलं परत सुरू! मेंदू काही विसरला नव्हता, मांड्या गुबगुबीत होऊन जड झाल्या होत्या आणि त्या उचलायला ताकद पुरत नव्हती, पाण्यात वजन हलकं झालं की जमलं. तर चालणं म्हणजे एक कुठलंतरी बटण दाबलं जाणं नाही, वजन, ताकद, तोल, हिंमत, समोर काय ठेवलंय हे सगळं जुळून यावं लागतं, आणि प्रत्येक बाळाचं ते वेगळ्या दिवशी जुळतं. आणि जुळल्यावरही लगेच फार शोभा नसते बरं का, नव्याने चालणारी मुलं मोकळी खेळताना तासाला सरासरी १७ वेळा पडतात असं मोजलंय लोकांनी. पडतात, उठतात, परत निघतात.

डॉक्टरांकडे कधी जायचं? १८ महिने झाले तरी चालत नसेल तर. एकाच बाजूचा हात-पाय वापरत असेल, अंग फार ताठ किंवा फार लुळं वाटत असेल तर १८ महिन्यांची वाट न बघता. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे येत होतं ते जायला लागलं, म्हणजे आधी बसायची आता बसत नाही, आधी दोन शब्द बोलायची आता गप्प, तर त्याच आठवड्यात जा. उशिरा येण्यापेक्षा आलेलं जाण्याची काळजी जास्त करायची असते.

प्रश्न : माझा मुलगा ४ वर्षांचा आहे आणि चक्क खोटं बोलायला लागलाय. भिंतीवर रेघोट्या ओढल्या आणि म्हणतो मांजराने केलं. आमच्या घरी मांजर नाही. आत्ताच आळा घालायला हवा ना?

उत्तर : मांजरावर मी पाच मिनिटं हसत होते, आधी तेवढं मान्य करते.

याच्यामागे काय आहे ते बघा. १९८० च्या दशकात मुलांवर एक साधा खेळ करून बघितला गेला. एक बाहुली तिची गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते, मागे दुसरी बाहुली ती गोटी काढून डब्यात लपवते. पहिली परत आली की गोटी कुठे शोधेल? ३ वर्षांची बहुतेक मुलं म्हणतात डब्यात, कारण त्यांना स्वतःला माहितीये ती डब्यात आहे. ४-५ वर्षांची मुलं म्हणतात टोपलीत. म्हणजे या मधल्या वर्षभरात मुलाला कळतं की माझ्या डोक्यात जे आहे ते समोरच्याच्या डोक्यात असेलच असं नाही. हे कळलं की खोटं रचणं सोपं जातं! तुमच्या मुलाला ते कळलंय, फक्त मांजर कुठून आणायचं एवढं अजून कळलेलं नाही, तेही येईल.

आळा वगैरे शब्द नकोत. जे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय ते "कोणी केलं?" असं विचारू नका, तो प्रश्न म्हणजे सापळाच असतो आणि त्यातून बाहेर पडायचा एकच रस्ता त्याला दिसतो. "भिंतीवर खडू लागलेत, चल आपण पुसू" एवढंच म्हणा आणि फडकं त्याच्या हातात द्या.

प्रश्न : ताई मी १५ वर्षांचा आहे, वर्गात सगळ्यात बुटका, पण पाय मात्र बाबांएवढे झालेत आणि माझ्या हातून सारखं काहीतरी सांडतं. उंची वाढवायच्या पावडरी खरंच चालतात का? दुसरं म्हणजे रात्री १ पर्यंत झोपच येत नाही आणि सकाळी आई आळशी म्हणते. मोबाईल हे कारण नाहीये.

उत्तर : अरे पहिल्यांदा, पावडरीवर एक रुपयाही घालवू नकोस.

उंची हाडांच्या टोकाला जी कूर्चेची पट्टी असते तिथे वाढते, आणि ती पट्टी बंद झाली की खेळ संपला, पावडरीला तिथे काही कामच नसतं. ती बंद कशाने होते माहितीये? इस्ट्रोजेनने, म्हणजे बायकांचं म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हार्मोनने, मुलांमधेसुद्धा. मुलांच्या शरीरात थोड्या टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे पुरुषी हार्मोनचं, इस्ट्रोजेन बनतं आणि तेच शेवटी हाडाला थांब म्हणतं. १९९४ मधे डॉक्टरांनी एका २८ वर्षांच्या माणसाबद्दल लिहिलं होतं, त्याच्या शरीराला इस्ट्रोजेनचा संदेश कळतच नव्हता, तर गडी २०४ सेंटिमीटर उंच आणि त्याच्या हाडांचं वय १५! म्हणजे हाडांचं वय आणि वाढदिवसाचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर नेमकं इथेच आहे. डाव्या हाताचा एक एक्स-रे काढला की हाडांचं वय कळतं. तुझी हाडं १३ वर्षांची निघाली तर तुझं वाढायचं अजून बरंच शिल्लक आहे.

मुलींमधे वयात येण्याची सुरुवात साधारण ८ ते १३ या वर्षांत कधीही होते, मुलांमधे ९ ते १४. एवढी मोठी रेंज आहे, त्यामुळे एकाच वर्गात एकाला मिशी आणि शेजारच्याचा आवाज अजून बारीक, दोघंही आपापल्या जागी बरोबर. मुली साधारण १२ व्या वर्षी झपाट्याने उंच होतात आणि मुलं १४ च्या आसपास, तेव्हा वर्षाला ९-१० सेंटिमीटर सुद्धा वाढतात, पण हे सरासरीचं झालं, उशिरा सुरू होणाऱ्याचं सगळंच दोन वर्षं पुढे सरकतं. बाबांना विचार ते कधी उंच झाले, बऱ्याचदा हे घराण्यातच असतं. पायांचं म्हणशील तर तोच चांगला संकेत आहे, कारण वाढीची लाट आधी तळवे-पंजे, मग पाय आणि सगळ्यात शेवटी धड अशी येते. हातापायांची लांबी बदललीये आणि मेंदूतला अंदाज मात्र जुन्या मापाचा आहे, म्हणून पेला सांडतो. सवय झाली की कमी होईल. फक्त एक बघ, १४ पूर्ण होऊनही वयात येण्याचं एकही लक्षण नसेल तर लाजत न बसता डॉक्टरांना दाखवायचं, त्याला इलाज आहे आणि तो वेळेवर केलेला बरा.

झोपेबद्दल मी तुझ्या बाजूने आहे, आईंनीही हे वाचावं. वयात येताना मेलाटोनिन हे झोपेचं हार्मोन रात्री उशिरा पाझरायला लागतं, झोपेच्या संशोधक मेरी कार्स्काडन यांनी यावर अनेक वर्षं काम केलंय. शरीराचं घड्याळ दीड-दोन तास पुढे सरकतं, साधारण विशीच्या आसपास ते सगळ्यात उशिरावर असतं आणि मग हळूहळू परत मागे येतं. तुझ्या वयाला ८ ते १० तास झोप लागते, शाळा मात्र मोठ्यांच्या घड्याळाने भरते, त्यामुळे रोज दोन-तीन तासांची उधारी राहते आणि रविवारी दुपारपर्यंत तू ती फेडतोस. हा आळस नाही. पण, आणि हा पण मोठा आहे, "मोबाईल हे कारण नाहीये" हे न विचारता सांगितलंस म्हणून विचारते, रात्री १२ ला तो कुठे असतो? घड्याळ आधीच पुढे आहे, त्यात डोळ्यांसमोर उजेड धरला की ते अजून पुढे जातं. सकाळी उठल्या उठल्या उन्हात जा, त्याने ते मागे ओढलं जातं.

प्रश्न : माझं वय २३. रील्समधे बघितलं की मेंदू २५ व्या वर्षी पूर्ण होतो. म्हणजे तोपर्यंत लग्न, नोकरी असे मोठे निर्णय घेऊच नयेत का?

उत्तर : २५ व्या वाढदिवसाला मेंदूत कुठलीही घंटा वाजत नाही. १९९० च्या दशकापासून मुलांच्या मेंदूचे वर्षानुवर्षं स्कॅन घेतले गेले, त्यात दिसलं की कपाळामागचा भाग, म्हणजे विचार करून थांबायचं काम करणारा, सगळ्यात उशिरा पक्का होतो, विशीतही त्याचं काम चालूच असतं. त्यातून लोकांनी एक गोल आकडा उचलला आणि तो पसरला. बदल त्यानंतरही चालू राहतात.

शिवाय निर्णय कुठे घेताय यावर फार अवलंबून असतं. २००५ मधे गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी गाडी चालवायचा एक व्हिडिओ गेम काहींना एकट्याने आणि काहींना मित्रांसमोर खेळायला दिला. १३ ते १६ ची मुलं मित्र बघत असताना कितीतरी जास्त धोका पत्करायची, तुझ्या आसपासच्या वयाची थोडा जास्त, आणि २४ च्या पुढच्यांना मित्र असले काय नसले काय फरकच पडला नाही. तेव्हा निर्णय घे, फक्त ग्रुपमधे बसून रात्री घेऊ नकोस.

प्रश्न : मी ४७ वर्षांची. वर्षभरापासून रात्री घामाने जाग येते, कारण नसताना चिडचिड, बोलताना साधा शब्द आठवत नाही, फोन वाचायला हात लांब करावा लागतो. घरचे म्हणतात मिडलाईफ क्रायसिस आहे, मन रमव.

उत्तर : हा मिडलाईफ क्रायसिस शब्द १९६५ मधे एलियट जॅक्स या मानसविश्लेषकाने एका लेखात वापरला, तोही बराचसा कलावंतांच्या चरित्रांवरून, आणि मग तो सगळ्या जगाला चिकटला. पुढे हजारो सामान्य माणसांना विचारलं तर बहुतेकांना असं काही संकट आलंच नव्हतं. आणि बघा ना, चाळिशीतल्या पुरुषाने अचानक बाईक घेतली तर त्याला क्रायसिस म्हणून सहानुभूती, आणि बाईला रात्री घाम फुटला तर "मन रमव". मला याचा राग येतो, असो.

तुम्ही लिहिलंय ते मला पाळी जाण्याच्या आधीच्या काळासारखं वाटतंय. पाळी सलग १२ महिने आली नाही की ती गेली असं म्हणतात, पण त्याच्या आधीची काही वर्षं इस्ट्रोजेन हळूहळू न उतरता वरखाली हेलकावे खात असतं. शरीराचं तापमान सांभाळणारं मेंदूतलं केंद्र त्याने हळवं होतं म्हणून घाम, घामाने झोप मोडते, आणि झोप मोडल्यावर चिडचिड आणि शब्द न आठवणं हे ओघानेच आलं. शब्दांचं जास्त घाबरू नका, स्त्रियांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या अभ्यासात दिसलंय की या काळात नवीन शिकण्याचा वेग थोडा मंदावतो आणि नंतर सावरतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या कारण लक्षणं सारखी दिसतात, घामावर चांगले उपचार आहेत, सहन करत बसायची काही गरज नाही. आणि वजन उचलायचे व्यायाम आत्ताच सुरू करा, पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं वेगाने विरळ होतात.

फोनचं कारण वेगळंच आहे. डोळ्यातलं भिंग लहानपणापासून हळूहळू कडक होत असतं, चाळिशीनंतर ते जवळचं बघायला पुरेसं फुगत नाही. स्त्री-पुरुष सगळ्यांनाच होतं. चष्मा लावा.

प्रश्न : सौ. ताईंना नमस्कार. माझे वय ७१. माणसांची नावे पटकन आठवत नाहीत, स्वयंपाकघरात कशाला आलो ते विसरतो. चार माणसे एकदम बोलू लागली की मला धागा सापडत नाही, म्हणून हल्ली मी कार्यक्रमांना जातच नाही. मुलगा म्हणतो बाबांना डिमेन्शिया सुरू झाला. जिने चढवत नाहीत. मला तबला शिकायची फार इच्छा होती, आता या वयात ते हसे होईल.

उत्तर : काका, नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या मुलाने त्या एकाच शब्दात गुंडाळल्यात.

आधी आठवणीचं. बुद्धी म्हणजे एकच टाकी असते आणि ती वयाबरोबर रिकामी होत जाते असं आपल्याला वाटतं, तसं नाहीये. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल आणि त्यांचे विद्यार्थी जॉन हॉर्न यांनी तिचे दोन भाग केले, एक झटपट विचार करायची, नवं कोडं सोडवायची ताकद, आणि दुसरी साठवलेली, म्हणजे शब्द, माहिती, अनुभव. पहिली विशी-तिशीपासूनच हळूहळू उतरते, दुसरी साठीपर्यंत आणि पुढेही टिकते, वाढतेसुद्धा. १९५६ मधे वॉर्नर शाय यांनी सिॲटलमधे एक अभ्यास सुरू केला, दर ७ वर्षांनी त्याच माणसांना परत तपासायचं, तो दशकानुदशकं चालला, आणि त्यात साठीच्या आधी लक्षात येण्याजोगी घसरण फार थोड्यांत दिसली आणि पुढेही प्रत्येकाची वेगळी. तुमचं पत्र बघा की, एक शब्द चुकलेला नाही. नाव जिभेवर येऊन अडतं आणि संध्याकाळी आठवतं, हे वेग कमी झाल्याचं लक्षण आहे. किल्ल्या कुठे ठेवल्या हे विसरणं वेगळं आणि किल्ली हातात घेऊन हिचं काय करायचं हे न कळणं वेगळं. ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत परत परत विचारणं, नेहमीचा हिशोब न जमणं, असं काही असेल तर मात्र मेंदूविकारतज्ज्ञांकडे जायचं. आणि नसेल तरीही एकदा बी-१२, थायरॉईड आणि चालू असलेल्या गोळ्या तपासून घ्या, त्यांच्यामुळे होणारा विसरभोळेपणा बऱ्याचदा सुधारतो.

पण मला खरी शंका वेगळीच येतेय. चार माणसं बोलायला लागली की धागा सापडत नाही, हे कानांचं असू शकतं काका. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येणं कमी होतं, आणि स, श, फ, त असली व्यंजनं त्याच पट्टीत असतात, स्वर मात्र खालच्या पट्टीत असल्यामुळे छान ऐकू येतात. म्हणून आवाज येतो पण शब्द लागत नाही, साठ म्हणाले का आठ का पाठ ते कळत नाही, आणि माणूस म्हणतो "ऐकू येतंय रे, तुम्ही नीट बोलत नाही." त्यात गोंगाट असला की संपलंच. मग अंदाज बांधण्यातच मेंदूची सगळी शक्ती जाते, लक्षात ठेवायला काही उरत नाही, आणि हळूहळू माणूस घरीच बसतो, तेच तुमचं झालंय. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांत ऐकू कमी येणं आणि एकटं पडणं ही दोन्ही कारणं धरली आहेत. चष्मा लावायला आपण लाजत नाही, कानाच्या मशीनला का लाजतो हे मला अजून कळलेलं नाही.

जिन्याचं. तिशीनंतर दर दहा वर्षांना स्नायू थोडे थोडे झिजतातच, पण उलटही फिरवता येतात. १९९० मधे मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या ९० च्या आसपासच्या, अगदी थकलेल्या १० जणांना ८ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं, देखरेखीखाली अर्थात, तर पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली! तुम्ही त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहात. डॉक्टरांना गुडघे आणि हृदय दाखवून फिजिओथेरपिस्टकडून सुरुवात करा, पहिला व्यायाम हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणं एवढा साधा असतो.

आणि तबला. प्रसिद्ध पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन ऐंशीत असताना त्यांना विचारलं होतं की या वयात कसं जमतं, तर त्यांच्या उत्तराचा सारांश असा होता की मी आता थोड्याच रचना वाजवतो, त्यांचाच जास्त सराव करतो, आणि जलद जागा येण्याआधी मुद्दाम जरा संथ वाजवतो, म्हणजे पुढचं जलद वाटतं. तुम्हालाही तसंच करायला लागेल, बोटं विशीतल्या मुलासारखी पळणार नाहीत, बोल मात्र पक्के पाठ होतील.

क्रम असा ठेवा, या आठवड्यात ऑडिओमेट्री, म्हणजे कानांची तपासणी, आणि त्याला मुलाला बरोबर न्या. रिपोर्टमधला उंच पट्टीच्या आवाजांकडे खाली उतरत जाणारा आलेख त्यानेही बघू दे. तबल्याच्या गुरुजींना मशीन बसल्यावर फोन करा, म्हणजे पहिला "ना" आणि पहिला "तिं" वेगवेगळे ऐकू येतील.